दोन सूत लाकूड

परवा रविवारी माझी नात मीनू बंदुकीच्या रेंजवरून आली, जॅकेट खुर्चीवर टाकलं अन् म्हणाली, "आबाजी, बंदूक लहान झाली."

बंदूक लहान होत नसते, पोरगी मोठी होते. तिच्या जॅकेटाला जळक्या बारुदाचा वास होता, अन् बाहेर गल्लीत घरोघरी गोरसी पेटल्या होत्या. गोरसी म्हणजे इकडची मातीची शेगडी, हात शेकायची. हे दोन वास एका दमात नाकात गेले अन् मागची थंडी परत आली. बंदूक लहान म्हणजे दस्ता लहान, तिचं खांद्याला लागणारं लाकूड. त्या लाकडाला मागच्या थंडीत करवत मी लावली होती. दोनदा.

मागची थंडी मला तारखांनी आठवत नाही, तुकड्यांनी आठवते. परसातल्या पेरूला इतकं फळ लागलं होतं की एक फांदी भिंतीवर टेकली होती, अन् तोडणारं माणूस नव्हतं. पोपट अर्धे खायचे, उरलेले खाली सडायचे. मी दारात बसून तो वास घेत राहायचो. शिवणाची मशीन कोपऱ्यात चादर पांघरून उभी. झाडू मारला की फरशीच्या फटीतून दोऱ्याचे तुकडे निघायचे, लाल, पोपटी, जांभळे. बायको भादव्यात गेली अन् दोरे पौषापर्यंत निघत राहिले.

तिचं नाव प्रमिला. आमच्या कोहका वस्तीत सगळे टेलरबाई म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. ती मला मिस्त्री म्हणायची. राग आला की "अहो मिस्त्री", अन् फारच राग आला की नुसतं "मिस्त्री".

मी शिकलो सातवी. बाप वर्ध्याकडून इकडे छत्तीसगढात कारखान्यावर मजुरीला आला, मी त्याच कारखान्याच्या पॅटर्न शॉपात सुतार म्हणून लागलो अन् तिथूनच रिटायर झालो. पोलादाच्या कारखान्यात सुताराचं काय काम, असं लोक विचारतात. काम असं, की जो भाग ओतायचा तो आधी लाकडात करायचा. ते लाकूड वाळूत दाबायचं, काढायचं, अन् जी खोल जागा उरते तिच्यात पातळ पोलाद सोडायचं. आता पोलाद थंड होताना आकसतं. म्हणून लाकूड आधीच थोडं मोठं करावं लागतं. प्रत्येक मापाचा हिशोब कोण करत बसेल, म्हणून आमची पट्टीच खोटी असते. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा दोन सूत मोठा. दोन सूत म्हणजे पाव इंच. दिसायला पट्टी साध्या पट्टीसारखीच. त्या खोट्या पट्टीनं मी आयुष्यभर खरं काम केलं.

घरी मात्र त्या पट्टीनं घोटाळा केला. लग्नानंतर मी हिला शिवणाचं टेबल करून दिलं. मशीन ठेवली तर चारी बाजूंनी फट. मी पट्टी दाखवली, हिनं तिचा कापडी टेप लावला. "मिस्त्री, तुमचं सगळं दोन सूत मोठंच असते. बोलणं बी." त्याच दिवशी तिनं खोट्या पट्टीच्या टोकाच्या भोकात लाल दोरा बांधला. घरच्या कामाला लाल दोऱ्याची पट्टी घ्यायची नाही, असा कायदा. दोरा झिजला की ती नवा बांधायची. मला कधी बांधावा लागला नाही.

बंदुकीचं खूळ मीनूनं शाळेतून आणलं. पोरं रेंज पाहायला नेली होती, दुर्गच्या पलीकडे, धान कापलेल्या शेतांच्या कडेला. तिथं खड्ड्यातल्या मशीनमधून नारिंगी तबकडी उडते, बशीएवढी, डांबर अन् चुन्याची. उडवणाऱ्याला 'पुल' असं सांगायचं, तबकडी सुटते, अन् ती खाली पडायच्या आत छर्ऱ्यांनी फोडायची. मीनू तेव्हा आठवीत. दोन फोडल्या. घरी आली ती त्या दोन तबकड्यांचे तुकडे रुमालात बांधून.

मला हे पसंत नव्हतं. आता खोटं कशाला लिहू. बंदूक ही पोरींची वस्तू नाही असं मी बोललो. टेलरबाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "तुमी तोंडानं जितली माणसं मारली तितली ते बंदुकीनं नाही मारनार."

अन् दर रविवारी तीच पोरीला घेऊन जायची. ऑटोनं जायची, डब्यात मुठिया, कानाला मफलर. तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ब्लाउजचे हूक लावायची. रेंजवर शिकवणारे एक जुने फौजी आहेत, छत्तीसगढचेच, सगळे त्यांना सुभेदार म्हणतात. नव्या माणसाचा कोणता डोळा जोरदार आहे ते आधी पाहतात, कारण बंदूक त्याच बाजूला धरायची असते. सुभेदार मीनूचा डोळा तपासायला निघाले तर ही खुर्चीतून म्हणाली, "दायाँ है. सुई ओवताना बायाँ मिटती है." सुभेदारांनी तरी तपासलं. उजवाच निघाला. तेव्हापासून ते हिला मान द्यायचे. दस्त्याचं माप कसं घेतात तेही त्यांनीच हिला सांगितलं. कोपर काटकोनात वाकवायचं, कोपराच्या आतून चापावरच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. "मोटा हिसाब है," म्हणाले, "पर शुरू करने को काफी."

उन्हाळ्यात ती आजारी पडली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा डॉक्टरनं काही सांगायचं ठेवलं नव्हतं. तिची मापाची एक वही होती, गल्लीतल्या सगळ्या बायांची मापं तिच्यात. तिच्या स्वतःच्या पानावर दर महिन्याला नवा आकडा पडायचा अन् जुना खोडलेला. बसून स्वतःचे ब्लाउज स्वतः आत घ्यायची. मी म्हणायचो, राहू दे ना, कोण पाहते. ती म्हणायची, "मले दिसते."

श्रावणात एका दुपारी तिनं मीनूला पलंगाशी बोलावलं, हात वाकवायला लावला अन् माप घेतलं. वहीत मीनूच्या ब्लाउजच्या मापाखाली लिहिलं, बंदूक, सव्वातेरा. मग मला म्हणाली, "क्लबातल्या बंदुका माणसांच्या मापाच्या हाये. दुसऱ्याचे कपडे घालून कोनी पळते का? थंडीत इच्या मापाची पाहा. सुभेदाराले घ्या संग. तुमी एकटे नोको जाऊ."

शेवटचं मोठं काम तिनं मला हेच सांगितलं.

थंडी आली. मीनू रविवारी जात होती, आता माझ्या मागे स्कूटीवर बसून. आजी गेली तेव्हा ती रडली नव्हती. रेंजवर तिचं रडणं निघत होतं, पण वेगळ्याच वाटेनं. क्लबाची बंदूक लांब, तिचा गाल दस्त्यावर नीट बसत नव्हता. धक्का गालाच्या हाडावर अन् दंडावर. एका रविवारी गाल निळा झाला, पुढच्या रविवारी हिरवा-पिवळा. अन् मग तिचं शरीर घाबरायला लागलं. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायची. मागून मला डोळे दिसत नव्हते, मान दिसत होती. मान खांद्यात गेली की समजायचं, डोळे मिटले. तबकडी सुखरूप जाऊन शेतात पडायची.

सुभेदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, ये झटका एक बार बैठ गया ना, तो निकलता नहीं. अच्छे-अच्छे छोड़ दिए. ट्रायल से पहले इसके नाप की बंदूक चाहिए."

ट्रायल छेरछेराच्या आधीच्या रविवारी होती. छेरछेरा म्हणजे पौष पुनवेला पोरं घरोघरी नवं धान मागत फिरतात तो सण. जिल्ह्याच्या संघात कोण जाईल ते त्या दिवशी ठरणार. घरी माझा पोरगा विलास, म्हणजे मीनूचा बाप, ड्यूटीवरून आला अन् पोरीचा गाल पाहून जेवला नाही. "बाबा, शाळेत मास्तर विचारून राहिले, घरी कोन मारते म्हून. काय सांगू?" मी म्हटलं, माप चुकलं आहे, पोरगी चुकली नाही. तो म्हणाला, "ट्रायलपर्यंत पाहीन. त्या दिवशी गाल निळा दिसला की बंद. मंग मले काही सांगू नोका." सूनबाई हळदीचा लेप घेऊन उभी होती.

रायपूरच्या दुकानात आम्ही तिघं गेलो, सुभेदार, मीनू अन् मी. कागदपत्रं सुभेदार पाहत होते. लहान पोरीच्या नावावर बंदूक येत नाही, ती क्लबाच्या नावावर येते अन् क्लबाच्या कपाटातच राहते. दुकानदारानं पहिली काढली ती अशी चमकदार, लोखंडावर पक्षी कोरलेले. मी उचलली. फुलासारखी. म्हटलं, हीच द्या, बच्ची के लिए हलकी ही चाहिए.

"दादा, रुको जरा," सुभेदार म्हणाले. "हलकी बंदूक उठाने में अच्छी, खाने में बुरी. सारा धक्का नोनी के कंधे पर." नोनी म्हणजे पोरगी. मला एकदम लोहारशाळा दिसली. हलकी ऐरण घण पडला की उडते, जड ऐरण धक्का गिळून बसते. चाळीस वर्षं पाहिलेली गोष्ट, अन् पोरीचं नाव निघालं की अक्कल गेली. लहान माणसाला हलकी वस्तू द्यायची, हे मायेचं गणित. बंदुकीत ते उलटं पडतं.

मग जड, एकावर एक दोन नळ्यांच्या निघाल्या. दोन होत्या. एकीचं लाकूड ज्वाळांसारखं, दुकानदार तिच्यावरून कापड फिरवत होता. मी तिची मान पाहिली, दस्ता जिथं बारीक होतो, मुठीत येतो ती जागा. तिथं रेषा आडव्या जात होत्या. सुंदर लाकूड बहुतेक वेळा आडवंच असतं. नखानं रेघ ओढून पाहिली तर दुकानदार म्हणाला, "बाबाजी, बंदूक देख रहे हो कि दरवाजा?"

"दरवाजा ही समझो. ये टूटेगा तो लड़की के मुँह पे टूटेगा."

दुसरीचं लाकूड साधं, तपकिरी, पण रेषा मानेतून सरळ दस्त्यात उतरलेल्या. सुभेदारांनी मीनूला डोळे मिटून ती खांद्याला लावायला सांगितली, मग डोळे उघडायला. डोळे मिटून लावल्यावर बंदूक जिथं बसते तीच तिची खरी जागा. नळीच्या टोकाला एक मणी असतो, तो समोर सरळ दिसायला हवा.

"दिसते का?" मी विचारलं.

"दिसते. पण मान ताना लागते, आबाजी. लंबी है."

"लंबी चलेगी," सुभेदार म्हणाले. "लंबी कटती है, छोटी का क्या करोगे. रायपुर में एक कारीगर है, उसको दे देते हैं."

मी म्हटलं, कारीगर इथं उभा आहे.

तुमी एकटे नोको जाऊ, ती म्हणाली होती. दुकानात मी एकटा गेलो नव्हतो. करवत उचलताना मात्र एकटा होतो.

लोखंड क्लबाच्या कपाटात राहिलं, लाकूड माझ्या घरी आलं, जुन्या साडीत गुंडाळून. एका दुपारी शिवणाच्या टेबलावरची चादर काढली, मशीन बाजूला केली. वही उघडली. सव्वातेरा. कॅम्प-एकच्या बाजारातून बारीक दातांची पात आणली होती, खांद्याकडे लावायची रबराची गादीही आणली होती. गादीची जाडी वजा केली. हत्यारांच्या पिशवीत हात घातला, पट्टी काढली, खूण केली. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं आहे, म्हणून खूण तीनदा तपासली. तिन्ही वेळा बरोबर. मग कापलं. कापताना हात असा चालला की पॅटर्न शॉपातला जुना फोरमन असता तर बिडी द्यायला आला असता. गादीचे दोन स्क्रू बसवले, जवसाचं तेल चोळलं. पुष्कळ दिवसांनी मला बरं वाटलं. वहीतल्या आकड्यावर बोट ठेवून म्हटलं, घे, झालं तुझं काम.

ट्रायलच्या आधीचा रविवार. दव इतकं की खुर्च्या पुसाव्या लागल्या. सुभेदारांनी लाकूड लोखंडाला जोडलं. मीनूनं बंदूक वर घेतली अन् दस्त्याचं टोक जॅकेटात, काखेपाशी अडलं. तिनं सोडवलं, परत लावलं. "पुल." मान आत गेली. तबकडी शेतात. परत तेच. पंचवीसात तीन फुटल्या, अन् त्या तीन कशा फुटल्या ते तिलाही माहीत नसावं.

माझं डोकं फिरलं. नवी बंदूक, तिच्या आजीचं माप, माझा हात. चूक निघायला जागाच कुठं होती? सगळ्यांसमोर, मागून ओरडलो, "धरता येत नसन तं कावून आली? आजीचं नाव खराब कराले?"

सुभेदारांनी कारतुसांची खोकी उचलून दुसऱ्या टेबलावर नेली. मीनूनं बंदूक उघडली, रिकामी केली, रॅकवर ठेवली, सगळं शिकवलं तसं. स्कूटीवर मागे बसली ती दोन्ही हातांनी मागची दांडी धरून. एरवी माझ्या स्वेटरला धरायची.

संध्याकाळी विलासनं गाल पाहिला. ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "बाबा, आईचं राहिलेलं काम तुमी पोरीच्या तोंडावर करून राहिले." त्यानं शब्द मोडला नाही, ट्रायल होऊ द्यायला तयार होता, पण त्याच्या बोलण्यावरून कळत होतं की ती आता नावापुरती.

दुसऱ्या दिवशी मीनू शाळेतून आली, दप्तर ठेवलं अन् शिवणाच्या टेबलाशी बसली. मी दारात पेरूकडे तोंड करून. मागून काहीतरी पसरल्याचा आवाज आला.

"आबाजी, इकडे या."

टेबलावर आजीचा कापडी टेप सरळ ताणलेला, त्याला चिकटून माझी पट्टी. शून्याला शून्य लावलेलं. तिनं बोट ठेवलं होतं तिथं टेपचे बारा संपले होते अन् पट्टीचे बारा अजून संपायचे होते.

"ये स्केल गलत है."

मी पट्टी उचलली. टोकाचं भोक अंगठ्यानं चाचपलं. भोक रिकामं होतं. लाल दोरा कधी तुटला, आजारपणात की नंतर, मला ठाऊक नाही. दोरा बांधणारं माणूस पलंगावर होतं, अन् मग नव्हतं. मी पिशवीत हात घातला होता, हाताला जी पट्टी चाळीस वर्षं सवयीची तीच आली होती. टेलरबाईचं माप खऱ्या इंचांत, माझी खूण खोट्या इंचांत. दस्ता दोन सूत लांब राहिला होता. पोलाद असतं तर थंड होऊन बरोबर झालं असतं. लाकूड आकसलं नाही. पोरगीही कशाला आकसेल.

मी खाली बसलो. म्हटलं, "मी तुले बोललो काल. सगळ्याइच्या समोर."

"हो."

"चूक माही होती."

"हो." मग टेप गुंडाळत म्हणाली, "आता कापा ना. रविवार येऊन राहिला."

पहिल्यांदा हात चालला तसा दुसऱ्यांदा चालला नाही. लांब राहिलं तर परत कापता येतं, जास्त गेलं तर लाकूड परत लागत नाही. गादी काढली. मीनूनं स्वतः आजीच्या टेपनं माप धरलं, पेन्सिलीची टोकदार रेघ ओढली, अन् दस्ता दोन्ही हातांनी टेबलावर दाबून उभी राहिली. तिची बोटं करवतीपासून चार बोटांवर. मी म्हटलं, हात मागे घे. ती म्हणाली, "तुमी हलू नोका, मी नाही हलत." दात लाकडाला टेकवले अन् थांबलो. श्वास घेतला, परत थांबलो. दारासमोरून एक भाजीवाला ओरडत गेला, त्याचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत मी करवत ओढली नाही. मग ओढली. भुसा तिच्या शाळेच्या बाहीवर पडत होता. शेवटच्या रेषेपाशी लाकूड फाटतं, चिल्फी निघते, तिथं मी करवत इतकी हळू केली की तिचा आवाजही बंद झाला.

चकती टेबलावर पडली. पातळ, दस्त्याच्या आकाराची. दोन बाजूंना गादीच्या स्क्रूची भोकं, मधे बोल्टचं मोठं भोक. मीनूनं ती उचलून डोळ्याला लावली, मोठ्या भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"बटनासारखी हाय." अन् आजीच्या बटणांच्या डब्यात टाकून दिली.

त्या आठवड्यात माझ्या अंगात ताप होता की भीती, सांगता येत नाही. लाकूड बरोबर झालं होतं, ते मला कळत होतं. पण सुभेदार म्हणाले होते, झटका एकदा बसला की निघत नाही. मी लाकडातलं दोन सूत काढलं, तिच्या मानेतलं कोण काढणार होतं? त्यातलं थोडं तर मीच घातलं होतं, ओरडून.

ट्रायलच्या सकाळी धुकं उतरलं नव्हतं म्हणून तासभर सगळे नुसते उभे. धान कापलेल्या शेतात बगळे. विलास आला होता, मोटरसायकलपाशी उभा, डोक्यावरचं हेल्मेट काढायचं विसरून. मी त्याच्याजवळ गेलो नाही. मीनूच्याही जवळ गेलो नाही. तिच्या आजीची प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर बसलो नाही, तिच्या पाठीला धरून उभा राहिलो.

मीनूचा नंबर आला. बंदूक वर गेली, या वेळी कुठं अडली नाही. गाल लाकडावर टेकला. "पुल." पहिली तबकडी गेली, शेतात जाऊन पडली. माझी बोटं खुर्चीत रुतली. पण मान. मान आत गेली नव्हती. चुकली होती, डोळे उघडे ठेवून चुकली होती. ते वेगळं चुकणं असतं. सुतारकामात सुद्धा.

दुसरी फुटली. नारिंगी धूर झाला अन् बगळे उठले.

नंतर काही फुटल्या, काही गेल्या. दुपारी संघात निवडलेल्यांचा कागद लागला, त्यात तिचं नाव शेवटून दुसरं होतं. पण होतं. विलास आला, पोरीचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे फिरवला, गालावरून अंगठा फिरवला. गाल कोरा होता. त्यानं विचारलं, "भूक लागली का?" एवढंच. मग माझ्याकडे वळून, "बाबा, तुमी बी खाल्लं नसन."

परतताना मीनूनं माझ्या स्वेटरला धरलं होतं.

हे सगळं मागच्या थंडीचं. आता मीनू दहावीत आहे, पुस्तकांचा ढीग शिवणाच्या टेबलावर आहे, मशीन खिडकीशी सरकली आहे. पेरू या वर्षी मी तोडले, गल्लीत वाटले. खोट्या पट्टीला लाल दोरा आहे. मला गाठ नीट येत नाही, पण आहे.

बंदूक लहान झाली म्हणाली तेव्हा मी बटणांचा डबा उघडला. शर्टांची, ब्लाउजची, विलासच्या लहानपणीच्या कोटाची पितळी, सगळ्यांच्या तळाशी ती चकती. तेलकट, रंग थोडा गडद झालेला. खिशात घातली अन् काल सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर रेंजवर गेलो. सुभेदारांनी बंदूक कपाटातून काढली, टेप लावला. "दो सूत बढ़ गई नोनी." मी गादीचे स्क्रू सोडले, चकती मधे ठेवली. भोकावर भोक आलं. लाकडातल्या रेषा जवळपास जिथल्या तिथं जुळल्या, केसभर सरकलेल्या. लांब स्क्रू घट्ट केले. सुभेदार वाकून पाहत राहिले. "दादा, ये टुकड़ा सँभाल के रखे थे?"

मीनू मधेच म्हणाली, "आजी म्हनत होती ना, आबाजीचं सगळं दोन सूत मोठं असते." हसत नव्हती, माहिती देत होती.

तिनं डोळे मिटून बंदूक खांद्याला लावली. उघडले. "थोडी कमी लागते अजून. आधा सूत."

"ते करवतीनं खाल्लं," मी म्हटलं. "ते येत नाही."

तिनं एकदा दस्त्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "चालते," म्हणाली, कारतूस भरलं अन् पुढे जाऊन उभी राहिली.

"पुल."

तबकडी सुटल्याचा आवाज झाला. मी तबकडीकडे पाहिलं नाही. तिची मान पाहत होतो.